साखरेच्या पाण्यातला पाठ

मी एक जुना गुंडाळी फळा आहे. मित्रांनो, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी माझी जात पाहिलीही नसेल. भिंतीवरचा फळा तुम्हाला ठाऊक असतो. जन्मभर एका जागी चिकटून राहायचे आणि त्यातच मोठेपणा मानायचा, असा त्याचा खाक्या. मी तसा नाही. जाड कापडावर काळा रंग, वर एक लाकडी दांडी, खाली एक लाकडी दांडी आणि टांगायला सुतळी, एवढाच माझा संसार. शिक्षक होऊ पाहणारी माणसे मला काखोटीला मारून वर्गात नेतात, खिळ्याला टांगतात आणि पाठ संपला की गुंडाळून ठेवतात. सध्या मी दिल्लीच्या द्वारका या उपनगरातल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, कपाटाच्या डोक्यावर, मोडक्या कुलरच्या जाळीशेजारी आडवा पडलो आहे. शेजार काही चांगला नाही.

माझा जन्म जुन्या दिल्लीतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. कापड ताणून त्यावर रंगाचे तीन हात दिले. तिसरा हात देताना कारागिराला शिंक आली, त्यामुळे माझ्या डाव्या कोपऱ्यात एक खरखरीत ठिपका कायमचा राहिला. तिथे खडू अडखळतो. पुढे आठ महिने मी नई सडकेवरच्या एका दुकानात नकाशांच्या आणि पृथ्वीच्या गोलांच्या मागे उभा होतो. गोल सारखे फिरत, नकाशे ऐटीत लटकत, आणि मी कोपऱ्यात तोंड मिटून. १९९८ च्या मार्चमध्ये श्रीरंगरावांनी मला उचलले, तीनदा उलगडून पाहिले, दोनदा नाक मुरडले आणि विकत घेतले.

श्रीरंगराव मूळचे साताऱ्याचे. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. सव्वीस वर्षे फायलींवर लाल शाईने शेरे मारून मारून त्यांच्या बोटांना ती सवयच जडली होती. घरी आलेले लग्नाचे निमंत्रणसुद्धा ते 'पाहिले' असे लिहून सही करूनच बाजूला ठेवत. सरकारी क्वार्टर सोडून ते नुकतेच द्वारकेत स्वतःच्या फ्लॅटमध्ये आले होते. तेव्हा द्वारका नवी नवी होती. सेक्टरांना नंबर होते, पण रस्त्यांना दिवे नव्हते. घरोघरी नळ होते, नळांना चकचकीत तोट्या होत्या, आणि पाणी मात्र टँकरने यायचे.

त्यांच्या मुलीचे नाव कादंबरी. बी.एस्सी. झालेली, हुशार, पण चारचौघांत बोलायचे म्हटले की घसा कोरडा पडणारी. तिला माध्यमिक शाळेत शिक्षिका व्हायचे होते. आता घसा कोरडा पडणाऱ्या माणसाने हाच धंदा का निवडावा, असे तुम्ही विचाराल. मीही विचारले असते, पण फळ्याला कोण विचारतो!

तिच्या आईला, अलकाताईंना, हे खूळ मुळीच पटत नसे. तेव्हा देशाचे दरवाजे उघडले असे जो तो म्हणत होता. नव्या मोटारी आल्या होत्या, टीव्हीवर चाळीस चॅनेल आले होते, आणि सोसायटीतली सगळी मुले जनकपुरीला कॉम्प्युटर शिकायला जात होती.

"अगं, सगळी दुनिया कॉम्प्युटर शिकतेय आणि तू खडू उगाळणार?" अलकाताई म्हणायच्या. "समोरच्या सुधाकरचं बघ. सहा महिने कोर्स केला आणि लगेच मल्टिनॅशनलमध्ये!"

"मला नाही जमणार ते, आई."

"आणि वर्गात बोलणं जमणार? अच्छा!"

आदल्या वर्षी कादंबरीने प्रशिक्षण महाविद्यालयात अर्ज केला होता. अर्जात एक रकाना होता, 'वर्गात शिकवण्याचा अनुभव'. श्रीरंगरावांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात तिथे 'निरंक' असे लिहिले आणि अर्ज तिथेच मेला. यंदा शेवटची संधी होती. दहा दिवस शाळेत शिकवायचे, मुख्याध्यापिकेचे पत्र आणायचे आणि पंचवीस एप्रिलच्या शनिवारी अर्जासोबत नेऊन द्यायचे. पत्र मिळाले नाही, तर सोमवारपासून जनकपुरी. तसे कादंबरीने आईला कबूल केले होते, आणि अलकाताईंनी कोर्सचा फॉर्म आणून फ्रिजवर ठेवलाही होता.

पहाडगंजातल्या एका मराठी शाळेत तिला आठवीचा वर्ग मिळाला. मुख्याध्यापिका भानुमतीबाई. उंच, बारीक, आणि चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. रोज सकाळी मी कादंबरीच्या काखेत बसून द्वारका ते पहाडगंज प्रवास करू लागलो. बसमध्ये कंडक्टर विचारायचा, "मॅडम, ये पाइप है क्या? इसका भी टिकट लगेगा." कुणी मला टेकून झोपायचे, कुणी माझ्यावर पिशवी ठेवायचे. कादंबरी घरूनच माझ्यावर सुबक आकृत्या काढून न्यायची, कारण वर्गाकडे पाठ फिरवून लिहायची तिला भीती वाटे. पण शाळेत पोहोचेपर्यंत त्या आकृत्यांचा चुथडा झालेला असे. पहिल्या दिवशी तिने हृदयाचे चार कप्पे काढले होते. वर्गात मी उलगडलो तेव्हा एकच मोठा राखाडी ढग निघाला. माझी मान शरमेने खाली गेली, म्हणजे खालची दांडी आपटली.

त्याहून वाईट होते वर्गाचे गप्प बसणे. कादंबरी प्रश्न विचारायची, वर्ग बघत राहायचा, आणि शेवटी उत्तरही तीच द्यायची. तिचा प्रत्येक शब्द पाठाच्या टाचणात आधीच लिहिलेला असे. 'विद्यार्थी उत्तर देतील' असेही तिने त्यात लिहिले होते, पण विद्यार्थ्यांनी ते टाचण वाचलेले नव्हते.

गुरुवारी भानुमतीबाईंनी तिला बोलावले. "उद्या दहावा दिवस. मी मागच्या बाकावर बसणार आहे. वर्ग बोलला, तर पत्र देईन. भिंतीला शिकवल्याचा अनुभव मी लिहून देत नाही."

घरी आल्यावर कादंबरी माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि चक्क रडली. मला फार वाईट वाटले. निदान माझ्याकडून कसूर नको, म्हणून मी मनाशी ठरवले की उद्या एक रेघ पुसू देणार नाही. श्रीरंगराव मदतीला आले. त्यांच्या ऑफिसातल्या एका दफ्तरीने त्यांना युक्ती सांगितली होती. खडू साखरेच्या पाण्यात भिजवून लिहिले की अक्षर वाळून घट्ट बसते, हात फिरवला तरी निघत नाही. अलकाताईंनी कुरकुरत वाटीभर साखरपाणी दिले. कादंबरीने संध्याकाळभर खपून माझ्यावर पाठ उतरवला: 'आपल्या शहराचा पाणीपुरवठा'. वर यमुना, मग पाणी गाळायचे केंद्र, मोठी टाकी, नळ, आणि शेवटी एक टुमदार घर. मला तिने वाळत टांगले. मी इतका देखणा कधीच दिसलो नव्हतो.

सकाळी टँकर आला आणि घरात एकच पळापळ झाली. कादंबरी दोन बादल्या घेऊन जिन्याने खालीवर करत होती. तेवढ्यात श्रीरंगराव दाढीचा फेस गालावर तसाच ठेवून माझ्यासमोर उभे राहिले. त्यांनी पाठ वाचला. मान हलवली. खाली टँकरच्या रांगेत भांडण जुंपल्याचे त्यांनी ऐकले, आणि त्यांच्या बोटांना राहवेना. साखरपाण्याच्या वाटीत एक लाल खडू अजून भिजत पडला होता. त्यांनी तो उचलला आणि माझ्या उजव्या समासात शेरे मारायला सुरुवात केली. मी ओरडलो असतो, पण आम्हा फळ्यांना कितीही मोठ्याने ओरडलो तरी आवाज नसतो. मग त्यांनी मला वाळू दिले, नीट गुंडाळले, फायलीची फीत बांधली आणि दारातून पळत निघालेल्या कादंबरीच्या हातात दिले.

"सगळं बघून क्लिअर केलंय!" ते अभिमानाने म्हणाले.

"थँक्यू बाबा!" ती म्हणाली. गुंडाळले म्हणून तिने आभार मानले.

बसमध्ये मी जीव धरून बसलो. एका जाडजूड गृहस्थांनी मला पाठीने दाबले, एका बाईंचे पोते माझ्यावर आदळले, पण एक रेघ हलली नाही. वर्गात कादंबरीने मला खिळ्याला टांगले. मागच्या बाकावर भानुमतीबाई वही उघडून बसल्या होत्या. तिने फीत सोडली आणि मी ऐटीत उलगडलो.

वर्ग टक लावून बघू लागला. मग दुसऱ्या बाकावरची तेजश्री उठून उभी राहिली. तिचे वडील सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी सांगलीकडून आलेले.

"बाई, तुम्हालापण लाल शेरा?"

कादंबरीने वळून पाहिले. समासात श्रीरंगरावांच्या अक्षरात लिहिले होते:

'१. नदीतून पाणी उचलतात, हे मान्य. किती, ते नमूद नाही.

२. पाणी "घरोघरी पोहोचते" असे म्हटले आहे. कोणाच्या घरी? द्वारकेस का पोहोचत नाही? कारणे द्यावीत.

३. चर्चा करावी. श्रीरंग. २४/४.'

वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातून बाई डोकावून गेल्या. कादंबरीने डस्टर घेतले आणि घासले. काही निघेना. आणखी घासले. मी माझा शब्द पाळत होतो हो, पण त्या घडीला मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. भरीस भर म्हणून त्याच वेळी माझ्या मागच्या बाजूने मुंग्यांची रांग आली. द्वारकेपासून त्या फुकट प्रवास करून आल्या होत्या. यमुनेच्या काठाकाठाने जाऊन त्या टाकीवर चढल्या. आता सगळे संपले, फ्रिजवरचा फॉर्म भरायचा, असे मलाही वाटले.

कादंबरीने डस्टर खाली ठेवले. टाचणाची वही टेबलावर होती, पण यापुढे काय म्हणायचे ते त्यात नव्हते. ती म्हणाली, "हे माझ्या बाबांनी लिहिलंय. ते सरकारी ऑफिसर आहेत. आमच्या घरी नळाला पाणी येत नाही, म्हणून ते चिडलेत." आणि मग लाल शेऱ्यावर बोट ठेवून, "दोन नंबरचं उत्तर मला येत नाही. खरंच येत नाही. तुमच्यापैकी कुणाला येतं?"

तेजश्रीने हात वर केला.

"बाई, आमच्या गल्लीत पहाटे पाचला पाणी येतं. पण वरच्या मजल्याला नाही येत. खालचे मोटर लावतात ना!"

"मोटर खेचून घेते सगळं!" खिडकीजवळचा जयेश जागेवरूनच ओरडला. "मग पुढच्याला ठेंगा!"

"का बरं?" कादंबरीने विचारले. हा प्रश्न तिने लिहून आणलेला नव्हता. "मोटर लावल्यावर पाइपात काय होतं? ये, काढून दाखव."

जयेशने माझ्यावर पाइप काढला. तेजश्रीने त्याला वळणे दिली, कारण दिल्लीत सरळ काही नसते, असे तिचे म्हणणे पडले. पाइप लांबला की पाण्याचा जोर कमी का होतो, टाकी उंच का बांधतात, यावर दोन बाकांत भांडण लागले. माझ्या काठापर्यंत पाइप आला तेव्हा कादंबरीने विचारले, "मग द्वारका कुठे?"

"शेवटी!" सगळे ओरडले.

"शेवटच्याला काय मिळतं?"

"टँकर!"

मागच्या बाकावर एक हात वर झाला. बारीक, सोन्याची एक बांगडी घातलेला. "बाई," भानुमतीबाई म्हणाल्या, "माझ्या घराची टाकी गच्चीवर आहे आणि पाणी तिथवर चढत नाही. त्याचं कारण कुणी सांगेल का?"

नऊ दिवस त्यांनी तिला नुसते 'कादंबरी' म्हटले होते. माझे कापड उन्हात ठेवल्यासारखे गरम झाले. घंटा झाली ती कुणालाच ऐकू आली नाही.

नंतर शाळेच्या ऑफिसात कादंबरी पुटपुटली, "मॅडम, माझा पाठ टाचणाप्रमाणे झाला नाही."

"दिसलं मला," भानुमतीबाई म्हणाल्या आणि पत्र लिहू लागल्या.

घरी श्रीरंगरावांनी ते पत्र मोठ्याने वाचले: 'कु. कादंबरी यांनी दहा दिवस इयत्ता आठवीस शिकवले. पैकी नऊ दिवस त्या एकट्याच बोलत होत्या. दहाव्या दिवशी आपल्याला उत्तर येत नसल्याचे त्यांनी वर्गास सांगितले. त्यानंतर वर्ग बोलला. प्रशिक्षणास योग्य.'

श्रीरंगराव हादरले. "हे असं ऑन रेकॉर्ड? नऊ दिवस एकट्याच? नाही, नाही. मी सकाळी जातो, नवा ड्राफ्ट करून घेतो त्यांच्याकडून."

"नाही, बाबा," कादंबरी म्हणाली. घसा कोरडा पडला नव्हता. "आहे तसंच जाणार. आणि माझ्या फळ्याला हात लावायचा असेल, तर आधी मला विचारायचं."

श्रीरंगरावांनी लाल पेनाचे टोपण काढले होते. ते त्यांनी परत लावले. अलकाताई गंमत बघत उभ्या होत्या. त्यांनी फ्रिजवरचा फॉर्म काढला, त्याची चौकोनी घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली.

शनिवारी अर्ज गेला. कादंबरीला प्रवेश मिळाला. पुढच्या वर्षभरात मी तिच्याबरोबर चाळीस पाठ घेतले. साखरेचा तो पाठ शेवटी ओल्या फडक्याने घासून काढावा लागला होता; साखर पुन्हा कुणी वापरली नाही. मग तिला नोकरी लागली, तिच्या वर्गात भिंतीवरचा मोठा फळा होता, आणि मी कपाटावर चढलो. कधी कधी वाटते, कुणीतरी मला उलगडावे, ओल्या नव्हे तर कोरड्या फडक्याने पुसावे. पण ते राहू द्या. तुमच्याकडे माझे मागणे वेगळेच आहे.

मित्रांनो, एखाद्या सकाळी तुमच्या वर्गात एक नवीन बाई येतील. काखेत काहीतरी गुंडाळलेले असेल. त्यांची आकृती पुसली गेलेली असेल, त्यांचे काहीतरी चुकेल. तुम्ही हसाल, आणि हसायला माझी ना नाही. पण हसून झाल्यावर गप्प बसू नका. त्यांना एक प्रश्न विचारा, नाहीतर त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला चुकीचे का होईना, उत्तर द्या. पत्र मुख्याध्यापिका देतात. अनुभव मात्र तुम्हीच द्यायचा असतो, आणि तुम्ही दिला नाहीत तर त्या बाईंना तो दुसरीकडे कुठेच मिळत नाही.