सिंक बंद आहे

शी! अजून आठवलं की किळस येते. माझ्या टेबलावर, सकाळीच स्वच्छ पुसलेल्या टेबलावर, उष्टे कप. एकात चहावर साय धरलेली, दुसऱ्यात बिस्किटाचा लगदा तळाशी बसलेला, तिसऱ्याच्या काठाला लिपस्टिक. एका महाभागाने तर डब्याचं झाकणच आणून ठेवलं, आतला रस्सा वाळून कडक झालेला. वर हसून विचारतो, "ताई, इथेच ठेवायचं ना?"

ठेव बाबा. माझ्या डोक्यावर ठेव.

आमचं ऑफिस लिफ्टचे आराखडे काढून देतं. मी ऑफिस सांभाळते. किल्ल्या, एसीवाला, पाण्याचे जार, आणि या सगळ्यांच्या वर ते कॅलेंडरचं ॲप. कोणाची मीटिंग कधी, कोणती खोली कोणाला, साइटवर कोण जाणार, सगळं त्यात असतं. मागून मला पंचांग म्हणतात, ते मला ठाऊक आहे. म्हणेनात का! या पंचांगाशिवाय इथे कोणाचं पान हलत नाही.

खोल्या दोनच, मोठी आणि छोटी. छोटीला खिडकी नाही आणि दाराला आतून कडीही नाही. कडीऐवजी दाराबाहेर तळहाताएवढा स्क्रीन लावलाय. कॅलेंडरमध्ये त्या वेळेची नोंद असली की तो लाल होतो, नसली की हिरवा. कडी बसवा, कडी बसवा म्हणून मी साहेबांच्या किती मागे लागले. साहेब म्हणाले, "कडी कशाला बाई? कॅलेंडर आहे ना!"

कडी हवी होती ती आमच्या आराखडे काढणाऱ्या पोरीसाठी. बाळंतपणाची रजा संपवून नुकती कामावर आली होती. बाळ घरी सासूजवळ. पोरगं असं हट्टी, की वरचं दूध तोंडाला लावलं की थुंकायचं आणि घर डोक्यावर घ्यायचं. म्हणून ही रोज जेवणानंतर छोट्या खोलीत बसून पंपाने दूध काढायची आणि बाटली बर्फाच्या पिशवीतून घरी न्यायची. दुसऱ्या दिवशी सासू तेच पाजायची. "डॉक्टरांनी बजावलंय ताई," ती म्हणाली होती, "एवढी एक वेळ चुकवायची नाही. चुकवली की आटतं." मग मीच कॅलेंडरमध्ये तिची कायमची नोंद घातली. छोटी खोली, दुपार, खासगी. रोज त्या वेळेला स्क्रीन लाल व्हायचा आणि ही निर्धास्त आत बसायची. येताना चेहरा कसा मोकळा झालेला असायचा.

आणि मग खाली रस्ता खोदणाऱ्यांनी आमची केबल तोडली.

इंटरनेट गेलं. आपापल्या मोबाइलच्या नेटवर आमचं ॲप चालत नाही, सुरक्षितता म्हणे. ऑफिसचं नेट असेल तरच सगळ्यांचे फोन एकमेकांशी जुळवून घेतात. या जुळवून घेण्याला सिंक म्हणतात. नेट नसलं की प्रत्येकाच्या फोनमध्ये फक्त आपापल्या नोंदींचं कॅलेंडर उरतं, त्यात कोणीही काहीही टाकावं, दुसऱ्याला पत्ता लागत नाही. म्हणजे एक खोली आणि तिचे चार मालक. नेट आलं की मग सगळ्यांच्या नोंदी एकदम येऊन आदळतात आणि निस्तरत बसायचं मी.

तेव्हा मी आधीच बंदोबस्त केला. माझ्या टेबलामागच्या भिंतीवर पांढरा फळा टांगला. ज्याला काही बदल हवा त्याने चिठ्ठी लिहून द्यावी, मी फळ्यावर मांडीन. चिठ्ठ्यांसाठी टेबलावर ट्रे ठेवला. आणि पँट्रीत, जिथे ऑफिसातला एकूण एक माणूस दिवसातून दहा वेळा चहाला येतो, तिथे मोठ्या अक्षरात कागद चिकटवला:

"सिंक बंद आहे. कोणीही काहीही टाकू नये. काही असल्यास माझ्या टेबलावरच्या ट्रेमध्ये आणून ठेवावे."

यात न कळण्यासारखं काय आहे, सांगा.

चिठ्ठी घेऊन आली फक्त ती पोरगी. "ताई, माझी दुपारची वेळ फळ्यावर लिहाल ना?" मी तिच्यादेखत लाल पेनाने लिहिली, खाली दोन रेघा ओढल्या. बाकी कोणाची चिठ्ठी नाही. मला वाटलं, वा, कोणाला काही बदलायचंच नाही, शहाणे झाले सगळे.

चिठ्ठ्यांऐवजी आले कप.

आता, त्या आधीच मी पँट्रीतल्या सिंकवरून रण माजवलं होतं. ते तुंबलं होतं. प्लंबरने जाळी काढली तर आत चहाचा चोथा, केस, आणि कोणाचा तरी चघळून टाकलेला च्युइंगगम. मी सगळ्यांना उभं करून झापलं होतं, घरी असंच करता का म्हणून. त्यामुळे कप यायला लागले तेव्हा मी ओळखलं, हे उट्टं काढताहेत. मुद्दाम माझ्या ट्रेमध्ये आणून ठेवताहेत. अकाउंटवाले काका, केस पांढरे झालेला माणूस, तेसुद्धा! मी दात-ओठ खाल्ले, पण एका शब्दाने बोलले नाही. म्हटलं, चिडले तर यांना आणखी चेव येईल. पँट्रीतलं पुन्हा तुंबायला नको म्हणून बाथरूमच्या नळाखाली एकेक कप धूत बसले, नाकाला रुमाल बांधून.

तशीच धूत होते आणि छोट्या खोलीकडून आवाज आला. किंचाळी म्हणावी तर तेवढीही मोठी नाही. मी साबणाच्या हातांनी धावले.

दार सताड उघडं. दारात साहेब, त्यांच्यामागे बाहेरून आलेले दोन पाहुणे, हातात फायली. आत ती पोरगी भिंतीकडे तोंड करून, ओढणी छातीशी घट्ट धरून, मान खाली. आणि साहेबांनी दार लावून घ्यायचं की नाही? नाही. तिथेच उभे राहून म्हणताहेत, "सॉरी, सॉरी. किती वेळ लागेल अजून?"

मागचा एक पाहुणा हसला. दात विचकून हसला! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी साहेबांच्या हाताखालून हात घालून दार ओढून घेतलं.

"फळ्यावर तिचं नाव आहे," मी म्हटलं.

"कुठला फळा? माझ्या फोनमध्ये ही खोली माझी आहे. स्क्रीन पण हिरवा आहे, बघा."

हिरवाच होता. नेटशिवाय तो मेला जन्मभर हिरवाच राहणार होता, आणि ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"पण सिंक बंद आहे, काही टाकू नका, असं मी लिहून लावलंय ना!"

"मग मी कुठे काय टाकलं?" साहेब खरंच दुखावले. "माझा कप तुमच्याच ट्रेमध्ये आहे."

 मग तशीच पँट्रीत गेले. कागद होता, जिथे लावला होता तिथेच, टेप पक्की. नेमका सिंकच्या वर. आणि खाली सिंक कोरडं ठणठणीत, आरशासारखं लखलखत होतं. इतकी वर्षं घसा फोडून सांगितलं तेव्हा कोणी ऐकलं नाही, आणि आता अख्ख्या ऑफिसने माझा शब्द न् शब्द पाळला होता.

काय म्हणावं याला! हसू येईना, रडू येईना. मी कागद टराटरा फाडला आणि एकेकाच्या टेबलाशी जाऊन विचारलं. फोनमध्ये नोंदी टाकल्यात? हो, टाकल्या की. सगळ्यांनी टाकल्या होत्या. सेल्सवाल्याने दोन्ही खोल्या महिनाभर घेऊन ठेवल्या होत्या. "कॅलेंडरचं तुम्ही काही बोललाच नाहीत ताई," तो म्हणाला. "आम्हाला वाटलं, परत तुंबलं."

ते सगळं मी एका दमात फळ्यावर आणलं. ज्याची त्याची समजूत काढली. हटले नाहीत ते फक्त साहेब. पाहुणे अजून काही दिवस येणार होते, मोठ्या खोलीचा पंखा आवाज करतो, त्यांना दुपारी छोटीच खोली हवी.

"आणि ती पोरगी?"

"तिने थोडं ॲडजस्ट करावं. बाथरूम आहे ना."

"साहेब, ते बाळाचं जेवण आहे. तुम्ही बाथरूममध्ये बसून जेवाल का?"

साहेबांनी नाक मुरडलं. "शी! काहीतरीच काय बोलता बाई."

त्यांना किळस आली. माझ्या बोलण्याची! मागच्या पाहुण्याच्या हसण्याची नाही, उघड्या दाराची नाही. 

मग आम्ही दोघींनी स्टोअररूम बघितली. जार, जुन्या फायली, मोडक्या खुर्च्या. मी एक खुर्ची पुसून दिली आणि बाहेर दाराला पाठ लावून उभी राहिले. पण कोणी ना कोणी येतंच होतं. कागद हवाय, जार हवाय. आत कोण आहे? का? किती वेळ? आणि प्रत्येक वेळी ते अर्धवट हसू. ती बाहेर आली ती रिकामी बाटली घेऊन. "दार वाजलं की सगळं आतल्या आत गोठतं ताई," ती म्हणाली. "पान्हाच येत नाही."

साहेबांकडे पुन्हा कडीचा विषय काढला. "आता केबल जोडतीलच," ते म्हणाले. "दोन-चार दिवसांसाठी कुठे दार फोडता?" ते दोन-चार दिवस म्हणता म्हणता लांबत गेले.

शेवटी एकदा ती बाथरूममध्ये गेली. मला सांगितलं नाही. कागद फाडला तरी माझ्या ट्रेमध्ये कप येतच होते, ते घेऊन मी पँट्रीत होते तेव्हा ती आली, हातात बाटली, तळाला जेमतेम बोटभर दूध. माझ्याकडे न बघता तिने झाकण काढलं आणि ते सिंकमध्ये ओतलं.

"अगं, अगं!" मी म्हटलं.

"कमोडच्या झाकणावर बसून काढलंय," ती म्हणाली. "शेजारी कोणीतरी... जाऊ दे. मी नाही पाजणार ते माझ्या बाळाला."

स्टीलवरून पांढरा ओघळ जाळीकडे गेला. तिने वर नळ सोडला, बाटली धुतली, पुन्हा धुतली, परत धुतली. मला तिच्या पाठीवरून हात फिरवायचा होता, पण माझे हात उष्ट्या कपांचे होते. 

नेट आलं ते एका सकाळी. सगळ्यांचे फोन एकदम किणकिणले, सेल्सवाल्याने टाळ्या वाजवल्या. माझ्या कॉम्प्युटरवर नोंदींचा पूर आला. जिथे दोन नोंदी भांडत होत्या तिथे ॲप मला गोड आवाजात विचारत होतं, कोणती ठेवू? मी एकेक निकाल लावत गेले. साहेबांची दुपार उडवली, बिनदिक्कत. आणि मग खाली एक राहिलेली दिसली.

छोटी खोली, दुपार, खासगी. ही नोंद एका फोनवरून काढली आहे. काढू की ठेवू?

साहेबांचं काम, मला वाटलं. दात खातच फोन कोणाचा ते उघडून बघितलं. तिचाच होता.

उठून तिच्या टेबलाशी गेले. ती लिफ्टच्या खड्ड्याचा आराखडा काढत होती. खुर्चीखाली बर्फाची पिशवी नव्हती.

"का काढलीस गं?"

"आटलं ताई." तिने माउस सोडला नाही. "सासूबाईंनी वाटी-चमच्याने वरचं सुरू केलं. पहिल्यांदा फार रडला. आता पितो."

"मग बरं झालं की," माझ्या तोंडून निघून गेलं.

"हो, बरंच झालं." तिने आराखड्यावर आणखी एक रेघ ओढली. "घरी गेल्यावर जवळ घेते ना, तर आता तोंड फिरवतो."

मी परत येऊन बसले. ॲप अजून विचारतच होतं, काढू की ठेवू. किती अदबीने! त्या दारात उभं राहून कोणी एवढ्या अदबीने विचारलं असतं तर! मी 'ठेव' दाबलं.

जेवण झाल्यावर साहेब आले, हातात चहाचा कप. "बाई, सिंक झालं ना सगळं? मग छोटी खोली अजून लाल का दाखवते? तिने तर नोंद काढली म्हणे."

"खासगी आहे."

"पण कोणाचं?"

"माझं."

"तुमचं?" साहेब हसले. "तुमचं काय असतं बुवा खासगी?"

"किळस येते साहेब," मी म्हटलं. "रोज याच वेळेला येते. दार लावून बसावं लागतं."

त्यांना कळलं नाही. बायकांचं काहीतरी असेल असं तोंड करून ते वळले, आणि वळता वळता, सवयीने, कप माझ्या ट्रेमध्ये ठेवला. आत साय धरली होती.

मी तो उचलला आणि त्यांच्या हातात परत दिला.

"सिंक चालू आहे," मी म्हटलं. "जा, धुऊन आणा."