काचेतलं घरकुल

स्वतःच्या पोराला भेटायला पर्यटक म्हणून नाव नोंदवावं लागतं, हे एदुविना ताबिलोच्या काही केल्या पचनी पडत नव्हतं. वेधशाळेच्या फाटकावर तिच्यापुढे गळ्यात कॅमेरे लटकवलेले राजधानीचे, सांतियागोचे लोक, आणि ही काळ्या स्वेटरच्या खिशात मेणबत्त्या लपवून उभी.

तिचा थोरला, नोल्बेर्तो, मोठ्या दुर्बिणीचा घुमट बांधताना वरून पडला आणि जागीच गेला. पुरला गावातच, पण तिथे नुसती हाडं. जीव जिथे जातो तिथेच माणूस राहतो, हे त्यांच्या एल्कीच्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून तो पडला त्याच जागी, घुमटाच्या पायथ्याशी, तिने दगडपत्र्याचं घरकुल उभारलं होतं, कोंबड्यांच्या खुराड्याएवढं. सोमवार हा आत्म्यांचा वार. दर सोमवारी वर जायचं, मेणबत्ती लावायची, घरातलं बरंवाईट त्याच्या कानावर घालायचं. मग नवे साहेब आले, नवं फाटक आलं. आता वर जायचं तर शनिवारी, तेही सहलीबरोबर.

"आई, भांडू नकोस हं तिथे," बरोबर आलेली धाकटी लेक यास्ना म्हणाली.

"मी कशाला भांडू? माझं काय घेतलंय त्यांनी?"

यास्नाने फाटकावरच्या वहीत दोघींची नावं लिहिली.

फाटकाजवळच्या प्रदर्शनाच्या दालनात वाल्दिवियेसो साहेब हसत पुढे आले. पाहुण्यांचं आदरातिथ्य त्यांच्याकडे. "ताबिलो आजी ना? बरं झालं आलात. आता डोंगरावर जायची दगदग नको, वारा खायला नको. तुमची सोय आम्ही इथेच केलीय."

काचेच्या कपाटात तिचं घरकुल होतं. नोल्बेर्तोचा फोटो, त्याचं कामावरचं हेल्मेट, कागदी फुलं, सगळं झटकून पुसून ठेवलेलं. इतक्या सोमवारांचं साचलेलं मेणसुद्धा मेल्यांनी खरवडून काढलं होतं. खाली पाटी: स्थानिक श्रद्धा. एका बाईने पाटीचा फोटो काढला, मग एदुविनाचाही काढला.

"साहेब, पोरगं कुठाय?" एदुविनाने विचारलं.

"म्हणजे?"

"घर आणलंत. त्याला कुठे ठेवलंत?"

साहेबांनी यास्नाकडे पाहिलं. यास्नाने मान फिरवली.

"तो इथे पडला नाही, तिथे पडला. तो वर उघड्यावर बसलाय, आणि त्याचं छप्पर तुम्ही इथे लोकांना दाखवताय."

"आजी, आमचा हेतू चांगला होता."

"हेतू घेऊन काय करू मी? त्याच्या डोक्यावर धरू?"

साहेबांना तेवढ्यात दुसरं काम आठवलं.

बसने वर गेल्यावर वाट दाखवणाऱ्या पोरीने सगळ्यांना घुमटात नेलं. दुर्बिणीचा आरसा खरंच भला मोठा होता. असा आरसा येणार म्हणून नोल्बेर्तो जेवताना हात पसरून सांगायचा, तेव्हा एदुविनाला ती थाप वाटायची. थाप नव्हती. राग पोटात ठेवूनही तिला ते कबूल करावं लागलं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

बाहेर आल्याबरोबर ती घुमटाला वळसा घालून मागे गेली. त्या जागी आता गुळगुळीत डांबर होतं आणि वर एक पांढरी गाडी उभी होती. एदुविना गुडघ्यांवर बसली, चाकाशेजारी तळवा टेकला. दुसऱ्या हाताने मेणबत्ती काढली.

"ज्योत नको, आजी," मागून धावत आलेली पोरगी म्हणाली. "काजळी आरशावर बसते."

"मग ही गाडी तरी काढ."

"चावी इंजिनिअरकडे आहे. ते झोपलेत." पोरीने आवाज खाली आणला. "हळू बोला ना, रात्रभर जागून सगळे आत्ता झोपलेत."

"तुमचे उठतील संध्याकाळी," एदुविना म्हणाली.

आणि तिने गाडीखाली तोंड करून, अख्ख्या डोंगराला ऐकू जाईल अशी हाक मारली. "नोल्बेर्तो, घर गेलं रे बाबा तुझं. इथे नको राहूस. चल, आईबरोबर खाली चल."

कुठलीतरी खिडकी उघडली. पोरगी रडवेली होऊन यास्नाचा हात ओढू लागली. यास्ना हलली नाही. एदुविना तळवा न उचलता थांबली, बराच वेळ थांबली. मग गाडीचा आधार घेऊन उठली.

"येत नाही गं तो," ती यास्नाला म्हणाली आणि बसमध्ये जाऊन बसली.