खेचून पाहिल्याशिवाय नाही

मित्रांनो, अंतराळयानांच्या कारखान्यात कोपऱ्यात उभे असलेले हे जुने यंत्र तुम्हाला भंगार वाटेल. ते मीच! मला घडवले ते खेचण्यासाठी. परतताना यान हवेशी घासून भट्टीसारखे तापते, म्हणून त्याला उष्णता अडवणाऱ्या टाइल चिकटवतात. माझी रबरी वाटी टाइलला घट्ट धरते आणि मी ठरलेल्या जोराने ओढते. टाइल हलली नाही, की पास!

मला चालवणारी इंजिनियर भारी चिकट. सगळे तिला ‘डिंकताई’ म्हणत. तिचा धाकटा भाऊ अंतराळवीर होता आणि आम्ही तपासत होतो त्याच यानातून जाणार होता.

उड्डाण तोंडावर आले होते. दारालगतची टाइल मी ओढली. ती टिकली, पण आतून बारीकसा ‘कट्’ आवाज आला.

“पुन्हा ओढायची,” डिंकताई म्हणाली.

“पास झालीय ना?” मुख्य अधिकारी वैतागले. “ओढून ओढून तुम्हीच सैल कराल!”

भाऊ शेजारीच होता. तो हळूच म्हणाला, “ताई, उड्डाण लांबलं तर दुसरी तुकडी जाईल. जन्मभर याचीच वाट पाहिलीय गं मी.”

तिचा चेहरा पांढराफटक पडला. तरी तिने खटका दाबला.

माझ्या तबकडीवरचा जोर दाखवणारा काटा सरकू लागला. ही टाइल टिकावी, असे मलाही वाटले. पण काटा मागच्या खुणेपर्यंत पोचायच्या आतच ती अलगद माझ्या वाटीत आली. गोंद फक्त कडांना धरला होता; मधे ठणठणीत कोरडे!

अधिकाऱ्यांनी घाम पुसला. भाऊ पाठ फिरवून निघून गेला.

सगळ्या टाइल पुन्हा तपासल्या, त्यात उड्डाण लांबले. दुसरी तुकडी गेली, सुखरूप आली. भाऊ मात्र बोलेना. डिंकताई जेवणाचा डबा उघडायची आणि तसाच बंद करायची.

पुढे त्याची पाळी आली. निघण्याआधी तो आला.

“ताई, दाराजवळची टाइल खेचून पाहिलीस?”

“पाहिली.”

“माझ्यासमोर खेच.”

“विश्वास नाही माझ्यावर?”

“आहे गं. पण त्या दिवशी मी तुला पाठ दाखवली. आज तुझ्याजवळ उभं राहायचंय.”

मी जीव खाऊन ओढले. टाइल तसूभरही हलली नाही. “जा आता,” ती म्हणाली आणि डोळे पुसू लागली.

तो गेला आणि परतलाही. मग नवी यंत्रे आली. माझी वाटी सुकून भेगाळली. वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण मित्रांनो, तुमच्या भल्यासाठी कुणी “थांब, पुन्हा बघू” म्हणाले, तर रुसू नका. आणि रुसलातच, तर लवकर परत या.