सोमारीची पाटी

मी शिवणीच्या लाकडाची पाटी बोलतेय. खोलगट, दोन हात लांब, पाण्यावर तरंगेन इतकी हलकी. वैनगंगेच्या काठी मुखरू सोनझाऱ्यानं मला कोरलं आणि आपल्या सुनेच्या, सोमारीच्या हाती दिलं. सोनझारी म्हणजे नदीची रेती धुऊन सोन्याचे कण काढणारी माणसं. रेती भरायची, पाण्यात गोल फिरवायची, हलकं वाहू द्यायचं, जड तळाशी ठेवायचं. माझं सगळं शिक्षण एवढंच.

नदी फुगली की सोमारी चांद्याकडच्या एका लहान शहरात यायची. सराफांच्या दुकानांमागच्या नालीत सोन्याचा चुरा वाहून येई; तिथला गाळ ती माझ्यात धुवायची. लोक नाकाला पदर लावून जायचे. नालीत राख, केस, चिंध्या त्यांनीच टाकलेल्या; पण तिच्यात हात घालणाऱ्या बाईकडे बघायचे नाहीत. मला याचं नवल वाटे.

ही यंदाचीच, १९५६ सालची गोष्ट. ती नाली पुढे थेट ओढ्यात पडायची आणि त्याच ओढ्यावर भागीरथा गावाचे कपडे धुवायची. तिचे हात फोडांनी भरलेले असत. नगरपालिकेचे ओव्हरसियर गुणवंतराव यांनी बेत आखला: घाण पाणी आधी टाकीत निवळू द्यायचं, मग रेतीच्या थरातून गाळून ओढ्यात सोडायचं. अजमावून पाहायला त्यांनी नालीकाठी एक पिंप मांडलं. आठ दिवसांनी कमिटी येणार होती. पिंप चाललं तर टाकी, नाहीतर नाली होती तशीच.

गुणवंतरावांनी शोधून शोधून पिठासारखी बारीक रेती भरली. सकाळी पाणी सोडलं, दुपारी पिंप तुंबलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सोमारीला राहवलं नाही.

"साहेब, इतकी बारीक काऊन भरून राह्यले? हे रोजच तुंबन."

"तुले काय समजते यातलं?" साहेब खेकसले.

"मले रेती समजते."

साहेब तरातरा निघाले. दहा पावलांवर थांबले, परत आले. "दाखवा, बाई."

तिनं आधी जाड रेती भरली. पाणी धो धो उतरलं, पण काळं ते काळंच. बघणारे हसले. सोमारीचा चेहरा पडला, मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती उठली नाही. तिनं रेती माझ्यात पुन्हा पुन्हा धुतली. माती वाहू दिली, खडे वेचून काढले, राजगिऱ्याएवढा दाणा तेवढा राखला. जन्मभर मी जी रेती फेकत आले, तीच आता जपायची होती!

खाली गिट्टी, वर ही रेती. धार बारीक आली, पण पाण्याखाली बोट दिसू लागलं. तीन दिवसांनी धार मंदावली, तेव्हा सोमारीनं वरचा बोटभर थर खरवडला, धुतला, परत घातला. गुणवंतराव दाण्याचं माप, थराची जाडी, सगळं वहीत उतरवत होते.

आठव्या दिवशी कमिटी आली. तिच्यातले एक गृहस्थ म्हणाले, "नालीतली बाई आमाले शिकवन?"

"मले तर शिकवलं," गुणवंतराव म्हणाले.

तेवढ्यात भागीरथानं पिंपाच्या नळाखाली एक लुगडं धुवायला घेतलं.

"हे प्यायचं पाणी नाही, बाई," गुणवंतराव घाईनं म्हणाले.

"प्याले कोन मांगते, साहेब? धुतलेल्या लुगड्याले वास नाई आला पायजे." तिनं पिळलेलं लुगडं त्या गृहस्थांच्या नाकाशी धरलं. त्यांनी वास घेतला, पुन्हा एकदा घेतला, आणि मान डोलावली.

आज टाकीच्या भिंती कमरेएवढ्या आल्यात. सोमारी आता नगरपालिकेच्या कामावर आहे. सहा बायांना रेती धुवायला शिकवते. माझ्या पोटाला चीर गेलीय, तिच्यावर पत्र्याचं ठिगळ आहे. फार दिवस टिकायची नाही मी.

एकच मागणं आहे. टाकी बांधून झाली म्हणून टाकीला विसरू नका. वरचा थर वेळच्या वेळी खरवडला नाही, तर तीही तुंबेल. मी नसेन तेव्हा दुसरी पाटी करा. शिवणीचीच हवी असं काही नाही. रेती नीट धुता आली म्हणजे झालं.