गोस्तान की उंदुर?

मित्रांनो, मी तेरेंगानू नदीवरची एक जुनी इंजिनाची होडी आहे. नदीवर पूल झाल्यापासून काठावर पडून आहे. कोंबड्या अंगावर बसतात, त्याचे मला काही वाटत नाही. पण शब्दांवरून भांडणारी माणसे आयुष्यभर वाहिली, त्यांचा मात्र अगदी वीट आला आहे.

सुताराने मला कागदावर एक रेघही न ओढता घडवले. माझ्या पोटात इंजिन बसले तेव्हा इंग्रजांचा अंमल होता. होडी मागे घ्यायची झाली की गोरा कप्तान ओरडायचा, 'गो अस्टर्न!' आमच्या मलय माणसांच्या तोंडी त्याचे 'गोस्तान' झाले. साहेब गेला, शब्द राहिला. आता मोटार मागे घ्यायची तरी गोस्तान आणि रांगेत मागे सरायचे तरी गोस्तान.

साहेबानेही काही कमी उचलले नाही. आमचा ओरांगउटान नेला, चवताळून सुटलेल्या माणसासाठीचा 'आमोक'सुद्धा नेला. त्याने त्याची भाषा बाटली असे ऐकिवात नाही.

पण शाळेवर रोहायझाद गुरुजी आले आणि माझ्या डोक्याला ताप झाला. नदी ओलांडताना रोज व्याख्यान!

"देरामानकाका, साहेबाचा उष्टा शब्द वापरता? आपल्या बहासेत 'उंदुर' आहे ना!"

तुमच्या उंदराचा इथे काही संबंध नाही. बहासा म्हणजे आमची भाषा, आणि उंदुर म्हणजे मागे हो.

आमचे तांडेल देरामानकाका म्हणाले, "गुरुजी, 'गुरू' आणि 'बहासा' तरी कुठे आपले? तेही भारतातून आले म्हणे."

"ते जुने आहेत!"

"मग गोस्तानलाही होऊ द्या की जुना!"

पण काकांची नात गुरुजींच्याच वर्गात होती. शेवटी काकांनी हात टेकले आणि 'उंदुर' म्हणायचे कबूल केले. खाली इंजिनापाशी बसणाऱ्या जुसोहला मात्र हे कोणीच सांगितले नाही. त्याला वरचे काही दिसत नसे. त्या धडधडाटात त्याचे कान दोनच शब्द ओळखत: पुढे जायला गोहेड, मागे यायला गोस्तान. एवढे साधे कोणाच्या डोक्यात येऊ नये?

दुसऱ्याच सकाळी गुरुजींना घाई झाली. मी धक्क्याला लागण्याआधीच त्यांनी उडी मारली, शेवाळावरून पाय सटकला आणि ते थेट माझ्या पुढच्या टोकासमोर पाण्यात पडले. मागे धक्क्याचे खांब, पुढून मी.

"उंदुर! उंदुर!" काका ओरडले.

जुसोह ढिम्म. इंजिन मला पुढेच रेटत होते. मला स्वतःला थांबवता येत नाही, मित्रांनो. गुरुजींच्या छातीत आणि माझ्यात हातभर अंतर उरले. मी घाबरले, आणि काका-गुरुजी दोघांवर भयंकर चिडलेही.

तेवढ्यात पाण्यातून बेंबीच्या देठापासून आवाज आला, "गोस्ताऽऽन! अरे जुसोह, गोस्ताऽऽन!"

पंखा उलटा फिरला आणि मी मागे आले.

काकांनी वाकून गुरुजींचा हात धरला. "गुरुजी, हे कोणत्या बहासेत ओरडलात?"

"आधी वर ओढा हो मला!"

मित्रांनो, शब्दांना जपा. एखादा शब्द कोणाच्या घरून आला याची चौकशीही जरूर करा. पण पाण्यातल्या माणसाला आधी बाहेर येऊ द्या.