गुलाबी आकाशाखालचं क्रुम्मेलबाख

मित्रांनो, जरा नीट बघा माझ्याकडे. मी विटलोय, कडेला उसवलोय, उजव्या अंगाला ठिगळ आहे, सगळं मला ठाऊक आहे. पण तुमच्या घरच्या पडद्यांवर काय असतं? फुलं. फार झालं तर मोर. माझ्या अंगावर एक अख्खं गाव आहे, आणि तेही जर्मनीतलं! तेव्हा पाय पोटाशी घेऊन बसा आणि ऐका.

माझा जन्म सुरतेच्या पांडेसऱ्यात, एका कपडा छापण्याच्या मिलमध्ये झाला. जर्मनीतल्या क्रुम्मेलबाख नावाच्या चिमुकल्या पालिकेला आपल्या गावाचा मोठा वाढदिवस साजरा करायचा होता. प्रत्येक घराला भेट म्हणून गावाचं चित्र छापलेला एकेक पडदा द्यायचं ठरलं आणि ऑर्डर आली आमच्या शेठकडे. कोऱ्या पॉलिस्टरच्या ताग्यातून मी निघालो, टेबलावर ताणून बसलो, आणि एकेक रंग अंगावर चढत गेला तसतसा मी गाव होत गेलो.

आता माझा भूगोल ऐका. क्रुम्मेलबाख दोन टेकड्यांच्या मध्ये वसलं आहे. उत्तरेच्या टेकडीवर दाट जंगल आहे. टेकडीपलीकडे काय आहे ते मला विचारू नका, तिथे माझी शिवण लागते. गावाच्या मधून क्रुम्मेल नावाचा ओढा वाहतो, त्यावर तीन कमानींचा दगडी पूल. पुलाच्या अलीकडे लाकडी तुळयांची पालिका कचेरी, पलीकडे चर्च. चर्चचा मनोरा डावीकडे कललेला दिसतो ना? छपाईत हलला असं म्हणू नका बरं का, तो मुळातच तसा आहे आणि गावाला त्याचं भारी कौतुक आहे. वस्ती म्हणाल तर सुरतेतल्या बमरोलीच्या आमच्या दोन गल्ल्यांत मावेल एवढीच. पण तेवढ्यातही महापौर आहे, बंबवाले आहेत आणि स्वतःचा बँडही आहे!

इतिहास माझ्या खालच्या काठावर आहे. चौकातल्या कारंज्यावर ही दगडी हंसीण दिसते ना, तिची कथा अशी. जत्रेच्या रात्री सारं गाव खाऊन-पिऊन ढाराढूर झोपलं होतं आणि वखारीला आग लागली. एका हंसिणीने कोकलून कोकलून गाव जागं केलं. तेव्हापासून पालिकेच्या शिक्क्यावर तीच आहे. त्या काळी घरोघरी हातमाग होते, तागाचं कापड विणायचे. पुढे मोठ्या गिरण्या आल्या, माग बसले आणि माणसं पोटामागे शहरांकडे निघाली. धुळ्या-जळगावची माणसं सुरतेला आली, तशीच की हो.

अशाच खानदेशी माणसांतला एक हेमराज. आमच्या मिलच्या कलर किचनमध्ये, म्हणजे जिथे रंग घोटतात तिथे, तो मास्तर होता. सारा जन्म साड्यांचे रंग करण्यात गेलेला. नुसत्या नजरेने रंग जुळवायचा आणि त्याचा त्याला गर्वही होता. जर्मनीहून जो नमुना आला त्यात आकाश राखाडी होतं. हेमराजने तो बघितला आणि कपाळाला हात लावला.

"गावाचा वाढदिवस आणि हा सुतकी रंग? बिचाऱ्यांना कोणी सांगणारं दिसत नाही," असं म्हणून त्याने कोणाला न विचारता आकाशाला चांगला झगझगीत राणी कलर दिला! मला म्हणाल तर मी खूश होतो. पण शेठ आला आणि खांबाला धरून उभा राहिला.

"आ शुं कर्युं, हेमराज? आकाश कोई दिवस गुलाबी होय?"

"शेठ, राखोडी माल कोण लेशे?" हेमराज छातीठोकपणे म्हणाला.

तोवर सगळा माल छापून झाला होता. एक पडदा नमुना म्हणून क्रुम्मेलबाखला गेला आणि तिकडून नकार आला. मग माझी सगळी भावंडं वजनावर विकली गेली. गाड्या पुसायला गेली म्हणतात, मी जास्त चौकशी केली नाही. मला शेठने बोळा करून हेमराजच्या अंगावर फेकलं, "ले, आ तारुं आकाश घेर लई जा!" त्या दिवसापासून हेमराजचं कलर किचन सुटलं. त्याला घडी घालायच्या खात्यात बसवलं. दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या रंगांच्या घड्या घालायच्या. फार लागलं त्याला ते. घरी तो माझ्याकडे पाठ करून जेवायचा.

त्याची बायको कलाबाई मात्र मला बघून हरखली. "कितला भारी रंग शे!" म्हणाली आणि श्रावणात कानबाई बसवली तेव्हा मला देवीच्या मागे टांगलं. कानबाई म्हणजे आमची खानदेशाची देवी. नारळाला नथ घालून, दागिने चढवून रविवारी बसवतात आणि सोमवारी वाजतगाजत उठवतात. तेवढे दोन दिवस माझा थाट बघावा. एरवी मी कूलरवर. एका वर्षी अगरबत्तीने माझ्या उजव्या अंगाला भोक पडलं. कलाबाईने आपल्या हिरव्या साडीचा तुकडा काढला आणि इतक्या बारीक टाक्यांनी ठिगळ लावलं की मला गुदगुल्या झाल्या. हिरवा रंग कुठेच जुळत नव्हता, पण तिला त्याचं काही नव्हतं.

अशी बरीच वर्षं गेली आणि यंदा, ऐन कानबाईच्या रविवारी, शेठचा फोन आला. "हेमराज, जर्मनीथी मॅडम आवी छे. पेलो पडदो जोवो छे. काढी राखजे, अमे आवीए छीए."

हेमराजच्या तोंडचं पाणी पळालं. इतक्या वर्षांनी तक्रार! "आता घडी खातंही गेलं," असं पुटपुटत तो मला उतरवायला स्टुलावर चढला. पण कलाबाई कमरेला पदर खोचून आडवी आली.

"कानबाई बठेल शे. ती उठस तवलोंग पडदा हालाव नही, सांगी ठेवस!"

"अगं, माझ्या भाकरीचा प्रश्न आहे!"

"मग देवीलेच इचारा!"

हेमराज स्टुलावरून उतरला. बाहेर गाडी थांबलीच होती.

उलरिके नावाची ती बाई दारात चपला काढून आत आली. क्रुम्मेलबाखच्या पालिकेची सभासद होती ती. देवीला बघितलं, मग मला बघितलं आणि मटकन जमिनीवरच बसली. हेमराजची मुलगी उज्ज्वला कॉलेजात शिकते, ती मधे बसून दोन्हीकडचं सांगू लागली.

"पप्पा, मॅडम विचारतात, हे आकाश कोणी केलं?"

शेठ छताकडे बघू लागला.

"मीच केलं. माफ करा म्हणावं," हेमराज खालमानेने म्हणाला. पण माणूस खोडील, गप्प बसेल तर शपथ! "आणि एवढं विचार, गावाचा वाढदिवस होता ना? मग राखाडी कशाला करत होते?"

उज्ज्वलाने भीत भीत विचारलं. बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, भर पालिकेच्या सभेत अगदी हाच प्रश्न तिच्या आईने विचारला होता! चित्र ज्यावरून केलं तो फोटो महापौरांनी स्वतः धुक्यात काढलेला, म्हणून ते हट्टाला पेटले. मतदान झालं. गुलाबी आकाश एका मताने पडलं आणि ते मत महापौरांचं होतं. तो गुलाबी नमुना त्यांनी रागारागाने घरी नेला, त्याचं काय केलं ते आजवर कोणाला कळलेलं नाही. आता महापौर बदलले आहेत आणि पालिकेला गुलाबीच पडदे हवे आहेत. पण तो रंग काही केल्या कोणाला जुळत नाही.

शेठचा चेहरा असा काही उजळला, विचारू नका. "हेमराजभाई, काले सवारे कलर किचनमां आवी जजो!"

"उद्या विसर्जन आहे शेठ," आमचा हेमराज म्हणाला. "परवा येईन."

मघाशी लटपटत होता, बघा!

बाईला रंगासाठी मला बरोबर न्यायचं होतं. माझा जीव गलबलला हो. खरं गाव बघायला मिळणार म्हणून आनंद व्हायला हवा होता, पण मला कूलरच आठवला. तेवढ्यात ती माझ्याजवळ येऊन बोटाने काहीतरी शोधू लागली. पूल ओलांडला, कारंज्यावरून गेली आणि उजवीकडे त्या हिरव्या ठिगळावर येऊन थांबली.

"अगरबत्तीनं जळलं ते," कलाबाई ओशाळून म्हणाली. "काय होतं तिथं?"

उज्ज्वलाने विचारलं आणि हळूच सांगितलं, "मम्मी, घर होतं. मॅडमच्या आईचं."

"अरे देवा!" कलाबाईने तोंडावर हात मारला. "हिनी मायनं घर जाळी टाकं मी!"

बाई मात्र त्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, आई गेली तेव्हापासून ते घर बंद आहे. छप्पर गळतं. आम्ही भावंडं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो, कोणी कौलसुद्धा बदललं नाही. "इथे कोणीतरी ते दुरुस्त केलं." पडदा राहू दे इथेच, म्हणाली. रंग करणारा माणूस तर इथेच राहतो.

एवढ्यात रोटाची पानं वाढली गेली. आता रोटाचा नियम कडक. देवीच्या नावाने दळलेल्या गव्हाचा तो प्रसाद फक्त भाऊबंदांनी खायचा, बाहेरच्याला एक घासही द्यायचा नाही. शेजारच्या सरलाबाईलाही कधी मिळाला नाही. हेमराज बायकोच्या कानाशी लागला, "अगं, ही इथंच बसली आहे. आता काय करायचं?"

कलाबाईने एकदा ठिगळाकडे बघितलं, एकदा देवीकडे, आणि सरळ बाईपुढे पान मांडलं.

"जिनं घर आपला घरमा शे," ती म्हणाली, "ती भायेरनी कशी?"

बाईने रोटाची पुरणपोळी दुधात बुडवून खाल्ली आणि आणखी मागितली. हेमराज त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून जेवला.

तर मित्रांनो, म्हाताऱ्या पडद्याचं एवढं ऐका. मला गरम पाण्यात भिजवू नका, पिळू नका आणि कृपा करून कूलरवर टाकू नका. आणि भोक पडलंच तर टाकून न देता ठिगळ लावा. रंग जुळला नाही तरी चालेल.