भडक नकोत, खरे हवेत

मी जुने फोटो दुरुस्त करते. फाटलेले, डागाळलेले, बहुतेक गेलेल्या माणसांचे. गेल्या आठवड्यात एका बाईंनी मी दुरुस्त करून दिलेला प्रिंट टेबलावर परत ठेवला. "हे माझे वडील वाटत नाहीत," एवढंच म्हणाल्या. आमच्या म्हाताऱ्या मॉनिटरवर गव्हाळ दिसणारा चेहरा कागदावर पिवळाजर्द उतरला होता. मान खाली घालून ऐकून घेतलं.

दुसऱ्याच दिवशी धाकट्या भावाला घेऊन दुकान गाठलं. घरात कॉम्प्युटर एकच. दिवसा माझं काम, संध्याकाळी त्याचे गेम. मॉनिटर दोघांना चालेल असा हवा होता.

प्रश्न मी विचारत होते आणि विक्रेता उत्तरं भावाला देत होता. एक भलामोठा वक्र स्क्रीन दाखवून म्हणाला, "सर, गेम कुठे अडकणार म्हणून नाही. आणि रंग बघा कसे भडक."

"मला भडक नकोत, खरे हवेत," मी म्हटलं.

"मॅडम, यातलं तुम्हाला नाही कळायचं. सर, तुम्हीच समजवा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात आमचे बंधुराज म्हणतात, "ताई, घेऊन टाकू ना. फोटोला काय, कुठलाही चालतो."

"मग बारा वर्षं मी काय गवत उपटतेय?"

मी पर्समधून आईचा फोटो असलेला पेन ड्राइव्ह आणि त्याच फोटोचा खऱ्या रंगांचा प्रिंट काढला. विक्रेता म्हणाला, बाहेरचा पेन ड्राइव्ह लावायला परवानगी नाही. मी मॅनेजरना बोलावलं. त्यांनी दिली.

वक्र स्क्रीनवर आईचे गाल लालबुंद झाले. भाऊ प्रिंट शेजारी धरून बराच वेळ बघत राहिला. "आईला ताप आल्यासारखं दिसतंय," तो हळूच म्हणाला.

मग एकेक स्क्रीन तपासत गेलो. कोपऱ्यातल्या एका साध्या, सपाट मॉनिटरवर आई आईसारखी दिसली. भावाने त्यावर गेम खेळून पाहिला. "त्या मोठ्याइतका जोरात नाही पळत, पण मला पुरतो."

"सर, मग हाच बांधू?" विक्रेत्याने विचारलं.

"त्यांना विचारा. निवडलाय त्यांनी," भाऊ माझ्याकडे बोट करून म्हणाला.

मी हो म्हटलं. राग मात्र उतरला नव्हता. तक्रारवही मागवली आणि उभ्याउभ्या अख्खं पान भरून लिहिलं. भाऊ खोका छातीशी धरून थांबला होता. निघू या, असं एकदाही म्हणाला नाही.